मदत हवी आहे: १७६ विरुद्ध ९२, तरी हरला कसा? (लॉलर-कॉन्डिट, तिसरा राउंड)

मंडळी, डोकं भंजाळलंय. एमएमए (जाळीच्या पिंजऱ्यातली ठोसे, किक आणि कुस्तीची मिश्र लढत) बघणाऱ्या जाणकारांनी जरा मदत करा.

आमच्या किकबॉक्सिंगच्या क्लासात येत्या रविवारी पोरांच्या आपसात लढती आहेत. माझा गुडघा अजून दुखतोय, म्हणून सरांनी मला पंचाच्या खुर्चीत बसवायचं ठरवलंय. सरावाला त्यांनी एक जुनी लढत दिली: रॉबी लॉलर विरुद्ध कार्लोस कॉन्डिट, यूएफसी (एमएमए लढती भरवणारी कंपनी) १९५, लास वेगास, २ जानेवारी २०१६. वेल्टरवेट वजनगटाच्या विजेतेपदाचा बेल्ट, पाच राउंड. "गुण दे आणि वही दाखव."

(खाली पंच म्हणजे परीक्षक. हाताने मारतात तो ठोसा. नाहीतर घोळ होईल.)

बसलो वही घेऊन. लागलेल्या प्रत्येक फटक्याला एक उभी रेघ, पाचव्याला आडवी. कॉन्डिटचं पान भरून मागच्या पानावर गेलं, लॉलरचं निम्मं कोरं. नंतर अधिकृत आकडे पाहिले तर तेच. सिग्निफिकंट स्ट्राइक्स कॉन्डिट १७६, लॉलर ९२. जवळजवळ दुप्पट! मी ४८-४७ कॉन्डिट दिलं. प्रत्यक्षात दोन पंचांनी ४८-४७ लॉलरला दिलं, एकाने ४८-४७ कॉन्डिटला. बेल्ट लॉलरकडेच राहिला.

सरांनी वही चाळली, म्हणाले, "ही तर वाण्याची उधारी झाली. लढत कुठंय?" आणि चहाला गेले.

आता सांगा, दुप्पट मारणारा हरतो कसा? आणि रेघा मारायच्या नाहीत तर खुर्चीत बसून मी नक्की बघायचं काय?

---

डावखुरा_गडी:

पहिली गोष्ट, बेरीज विसर. प्रत्येक राउंड हा वेगळा हिशोब असतो. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, अगदीच चोपला असेल तर ८. एखादा राउंड तू चाळीस फटक्यांच्या फरकाने जिंकलास तरी बहुतेकदा १०-९ आणि केसभर फरकाने जिंकलास तरी १०-९. वरचे जास्तीचे फटके पुढच्या राउंडला जमा होत नाहीत. तिन्ही पंचांनी पहिला आणि चौथा कॉन्डिटला दिला, दुसरा आणि पाचवा लॉलरला. भांडण फक्त तिसऱ्याचं. म्हणजे तुझे १७६ आणि ९२ बाजूला ठेव, तुझा प्रश्न पाच मिनिटांचा आहे.

दुसरी गोष्ट, 'सिग्निफिकंट' या शब्दावर जाऊ नकोस. लांबून मारलेला जवळपास प्रत्येक लागलेला फटका त्यात मोजतात. मांडीला नुसती चाटून गेलेली लो किक एक, आणि दुसऱ्या राउंडमध्ये कॉन्डिटला खाली बसवणारा लॉलरचा उजवा ठोसाही एकच! आणि हे आकडे पंचांच्या समोर नसतात.

---

उकडपेंडी:

कुस्तीच बरी बाबा. पाठ टेकली की विषय संपला.

---

डावखुरा_गडी:

मॅटवर गुणही असतात हो. आणि तिथेही भांडणं कमी नाहीत.

---

जाळीबाहेरून:

धागाकर्त्या, तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या रात्री एक पंचही तुझ्याच बाजूचा होता. पण पद्धत चुकली.

कॉन्डिट काय करतोय ते आधी समजून घे. समोर डावखुरा लॉलर, त्याचा मागचा डावा हात म्हणजे हातोडा. तो हात सुटायला लॉलरला पाय रोवावे लागतात. म्हणून कॉन्डिट त्याला उभं राहूच देत नाही. पोटात ढकलकिक, गुडघ्याच्या आसपास किक, मग ठोसे, मग पुन्हा किक. त्याने जवळपास ५०० फटके मारले, लागला साधारण तीनातला एक. हुकलेलेही काम करतात, समोरच्याला विचार करायला वेळ मिळत नाही. लॉलर उलट. थांबतो, खांदे हलवत राहतो, कॉन्डिटची किक परत जमिनीवर टेकायच्या आत शिरतो. त्याचा जवळजवळ दर दुसरा फटका लागलाय.

म्हणजे एकाची चाल संख्येची, दुसऱ्याची वजनाची. आणि नियम वजनाच्या बाजूला झुकतात. आधी परिणामकारक फटके आणि पकड. त्यात बरोबरी वाटली तरच आक्रमकता, आणि तीही सारखी असेल तर मैदानावरचा ताबा. २०१६ मध्ये ही भाषा आणखी स्पष्ट केली. लढत संपवू शकेल असा तात्काळ परिणाम साचत जाणाऱ्या परिणामापेक्षा वरचढ धरायचा. आपली लढत त्याच्या आधीची, त्यामुळे तेव्हाच्या पंचांना आजच्या शब्दांत झोडपू नये.

आता खुर्चीत बसून काय बघायचं. मारणाऱ्याला बघू नकोस, खाणाऱ्याला बघ. डोकं मागे उडालं की नुसतं वळलं? पाय थांबले? फटका खाल्ल्यावर लगेच उलट मारलं की आधी दोन पावलं मागे? किक कोपरावर घेतली की बरगडीवर? कोपरावर घेतलेली किक आवाज मोठा करते, तुझ्या वहीत रेघ होते आणि लागलेलं काहीच नसतं.

तिसरा राउंड आवाज बंद करून बघ. समालोचक आणि गर्दी दोघंही तुझ्या कानातून गुण देतात.

---

उकडपेंडी:

शेवटी दोघं जाळीवर हात टाकून शेजारी शेजारी ओणवे उभे राहतात, ते बघून मी दोघांनाही अर्धा अर्धा बेल्ट दिला असता.

---

धागाकर्ता:

जाळीबाहेरून दादा, डावखुरा भाऊ, दोघांचे आभार. 'खाणाऱ्याला बघ' हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

काल रात्री तिसरा राउंड आवाज बंद करून पाहिला. पहिल्यांदा लॉलर. त्याचे मोजके ठोसे लागतात तेव्हा कॉन्डिटचं डोकं खरंच हलतं, आवाजात ते मला जाणवलंच नव्हतं. खात्री करायला पुन्हा लावला, तर कॉन्डिट! पोटातल्या त्या ढकलकिकांनी लॉलर दर वेळी अर्धं पाऊल मागे सरकतोय आणि त्याचा हल्ला तिथेच मोडतोय. तिसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही.

आता शेवटची शंका. रविवारी राउंड संपल्यावर मत बदललं तर चिठ्ठीवर खोडाखोड चालते का?

---

डावखुरा_गडी:

नाही. राउंड संपला की लगेच चिठ्ठी गोळा करतात. पेन्सिल घरी ठेव.