अनुदानाच्या अर्जात वर्क प्लॅन किती बारीक लिहायचा?

नमस्कार, पहिल्यांदाच कला-अनुदानासाठी अर्ज करतेय. ज्येष्ठ लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करून त्यातून तासाभराचं नाटक उभं करायचंय. संकल्पना लिहून झाली, बजेटही जवळपास झालं, वर्क प्लॅनपाशी मात्र अडलेय. आत्ता लिहिलंय "महिना १ ते ३ संशोधन, ४ ते ६ लेखन, मग तालमी आणि प्रयोग". फार मोघम वाटतंय, पण संहिताच हातात नाही तर तालमी किती लागतील ते कसं सांगू? खोटं लिहायचं नाहीये मला.

प्रतिसाद १
मोघम आहे खरं. संशोधन म्हणजे काय करणार ते लिहा ना, किती जणांशी बोलणार, किती तास रेकॉर्डिंग, त्यांची लेखी परवानगी कधी घेणार आणि ते सगळं ऐकून उतरवणार कोण. एका तासाचं बोलणं उतरवायला चार-पाच तास सहज जातात, हे बहुतेक जण धरतच नाहीत आणि मग लेखनाचा महिना त्यातच संपतो. मी नेहमी उलटं मोजते, आधी प्रयोगाची तारीख, मग मागे मागे यायचं, रंगीत तालीम, तांत्रिक तालीम, उभ्या तालमी (म्हणजे हालचालींसकट), वाचन, पहिला खर्डा. असं केलं की वेळ कुठे कमी पडतोय ते लगेच दिसतं.

प्रतिसाद २
निकाल कधी लागणार ते बघून सुरुवातीची तारीख टाका. मंजुरीच्या आधी झालेला खर्च बरेच ठिकाणी धरत नाहीत, नियमावलीत आधी तेच शोधा. आणि बजेट शेजारी ठेवून प्लॅन वाचा, प्रकाशयोजनाकाराचं मानधन बजेटमध्ये आहे आणि प्लॅनमध्ये तो माणूस कुठेच नाही असं झालं की वाचणाऱ्याला लगेच खटकतं. शेवटी हिशोब आणि अहवालालाही वेळ ठेवा, आमचा एकदा प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीच प्रोजेक्ट संपत होता कागदावर, पावत्या गोळा करताना जीव गेला.

प्रश्नकर्ती
दोघांचेही खूप आभार. पण तालमींच्या आकड्याचं काय करू?

प्रतिसाद १
अंदाज म्हणजे खोटं नव्हे हो. "सहा आठवडे, आठवड्याला चार तालमी, पहिल्या वाचनानंतर फेरविचार" असं सरळ लिहा, आणि पात्रं किती धरलीत तेही सांगा. आकडा कशावरून आला ते दिसलं पाहिजे, पुढे बदलला तर कळवता येतं.