मॅक्युलाला (डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या मधल्या भागाला) जेल चिकटलेलं असणं ऑपरेशनसाठी चांगलं की वाईट?

नमस्कार मंडळी, आईच्या (वय 68) डोळ्याबद्दल विचारायचंय.

महिन्याभरापूर्वी आई म्हणाली, "खिडकीचे गज मध्येच वाकलेत का रे?" उजवा डोळा झाकला की तिला गज सरळ दिसायचे, डावा झाकला की वाकडे. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून आम्ही आठवडाभर ढकललं, चूक आमचीच.

ओसीटीत (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) मॅक्युलाला 230 मायक्रॉनचं आरपार भोक निघालं. स्कॅनमध्ये वरून आलेली एक बारीक राखाडी रेघ भोकाच्या काठाला धरून बसलीय, चादर चिमटीत पकडून उचलावी तशी. हे म्हणे व्हिट्रियस, डोळ्यातलं जेल.

एक डॉक्टर म्हणाले, "जेल चिकटलेलं आहे, एका अर्थी बरंच आहे." दुसरे म्हणाले, "चिकटलेलं आहे, सोडवताना जपावं लागेल." सल्ला दोघांचाही ऑपरेशनचाच. मग बरं कसलं आणि जपायचं कशाला? विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. शिवाय ऑपरेशननंतर काही दिवस पालथं राहावं लागतं म्हणे; आईची मान दुखते, पालथं झोपणं जमेल का, ही वेगळीच धास्ती.

प्रतिसाद 1
मी रेटिना विभागात ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासणारा) आहे, सर्जन नाही. दोघंही बरोबर बोलले, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

बरं अशासाठी, की भोक पाडणारी ओढ अजून चालू आहे आणि ती काढता येते. 250 मायक्रॉनपर्यंतचं भोक लहान धरतात, अशी भोकं बंद होण्याचं प्रमाण खूप चांगलं असतं. क्वचित जेल आपणहून सुटतं आणि लहान भोक मिटतंही. म्हणून काही सर्जन थोडे दिवस थांबून पुन्हा ओसीटी करतात. पण भोक मोठं होत गेलं तर निकाल घसरतो, तेव्हा थांबायचं ते तारीख ठरवूनच. जेल सोडवणारं ऑक्रिप्लाझमिन इंजेक्शन अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झालं होतं, पुढे बंद झालं. त्याच्या मागे लागू नका.

जपायचं अशासाठी, की जेल फक्त मॅक्युलाला चिकटलेलं नसतं. सर्जन ते डोळ्याच्या नसेजवळून हलकेच ओढून सोडवतात. ते सुटत कडेकडे गेलं की तिथला पडदा फाटू शकतो आणि वेळेत लक्षात आलं नाही तर पडदा सरकतो. त्यामुळे शेवटी कडा तपासतात, फाट दिसली तर लेझर करतात. मॅक्युलावर नुसती झिल्ली आलेल्या बऱ्याच पेशंटांचं जेल आधीच सुटलेलं असतं, त्यांची ही पायरी वाचते.

प्रतिसाद 2
माझं हे ऑपरेशन झालंय. भोक दाबून मिटवायला डोळ्यात गॅस भरला होता, पालथं राहायचं ते त्यासाठीच. नजरेत खाली पाणी हिंदकळल्यासारखं दिसायचं आणि त्या गॅसच्या काठाची रेघ रोज थोडी खाली सरकायची. गॅस जाईपर्यंत विमान पूर्ण बंद, आणि दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली तर गॅसबद्दल आधी सांगायचं. मानेचं सर्जनना आत्ताच सांगा, लहान भोकाला काही जण पालथं राहण्याचे दिवस कमी करतात. मोतीबिंदू झाला नसेल तर तो नंतर लवकर वाढतो, तेही विचारून घ्या. गज बरेच सरळ झाले, अगदी पहिल्यासारखे नाहीत.

धागाकर्ता
दोघांचे आभार. मंगळवारी पुन्हा ओसीटी आहे. कडा तपासण्याचं आणि मानेचं कागदावर लिहून नेतोय, या वेळी उत्तर मिळाल्याशिवाय खुर्ची सोडणार नाही.