वायजी इंजिनाचा लेड प्लग: सोल्डर भरलं तर चालेल का?

लेथवाला_उद्यमनगर:
जुन्या कोल्हापूर-मिरज मीटरगेजवरच्या (सुरुवात १८९१) प्रदर्शनासाठी वायजी या मीटरगेज वाफेच्या मालगाडी इंजिनाच्या फायरबॉक्सचं (बॉयलरमधल्या भट्टीचं) कापीव मॉडेल करतोय. वाफ धरायची नाही, पण लेड प्लग (भट्टीच्या छतात बसणारा, पाणी कमी झालं की वितळून इशारा देणारा शिशाचा प्लग) खऱ्यासारखा भरायचा आहे. शिशाऐवजी सोल्डरची कांडी वितळवून ओतली तर काय बिघडतं? आणि प्लग वितळला की वाफेनं आग विझते असं ऐकतो, ते खरं का? फलकावर चुकीचं जायला नको.

शेड_फिटर:
सोल्डर नको भावा. वायजीचा दाब चौरस इंचाला २१० पौंड, त्या दाबाला पाण्याचं तापमान साधारण २०० अंश सेल्सिअस. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथिल, ४० टक्के शिसं) १९० च्या आतच पातळ होतं, म्हणजे पाणी भरपूर असतानाही प्लग गळणार. नुसतं कथिलही नको: ते २३२ ला वितळतं, शिवाय वर्षानुवर्षं तापून त्याचा ऑक्साइड झाला की तो वितळतच नाही आणि प्लग नावापुरता उरतो. शुद्ध शिसं ३२७ ला वितळतं. वर पाणी असेपर्यंत टिकतं, पाणी हटलं की जातं.

प्लगची बॉडी गनमेटलची (तांबं-कथिलाच्या मिश्रधातूची). भोक निमुळतं घ्या, रुंद तोंड पाण्याच्या बाजूला, म्हणजे दाबानं शिसं आणखी आवळतं. उलटं घेतलं तर दाबच त्याला भट्टीत ढकलेल. भोकाला आधी कल्हई, बॉडी गरम, मग एका दमात ओतायचं. थंड बॉडीत शिसं चिकटत नाही, कडेनं फट राहते आणि प्लग पाझरतो. बॉडीत ओल राहिली तर शिसं उडतं. चष्मा आणि उघडी हवा हवीच.

प्लगचं टोक फायरबॉक्सच्या छताच्या थोडं वर ठेवा. छत उघडं पडायच्या आधी तो जायला हवा, त्याचं कामच ते.

घाटफायरमन:
आग विझते हे फलकावर लिहू नका. एवढ्याशा भोकातून येणारी वाफ भरलेल्या जाळीला विझवत नाही. प्लग फक्त बोंब मारतो: भट्टीत फुसफुसाट, दारातून वाफ. पुढचं काम माणसांचं: आग खाली पाडणे किंवा बारीक ओल्या कोळशानं दाबणे, डॅम्पर (भट्टीच्या हवेची झडप) बंद. छत लाल झाल्याचा संशय असेल तर इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र) उघडायचा नाही.

लेथवाला_उद्यमनगर:
मग गेज ग्लास (बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच) असताना प्लग कशाला?

घाटफायरमन:
काच खोटं बोलते म्हणून. वरचा, म्हणजे वाफेचा कॉक बंद राहिला तर काचेत अडकलेली वाफ थंड होऊन पाणी वर चढतं, काच भरलेली दिसते. खालची, पाण्याची वाट क्षारानं बुजली तर पाणी जागचं हलत नाही. चालत्या इंजिनात काचेतलं पाणी डुचमळलंच पाहिजे; स्थिर दिसलं की संशय घ्यायचा. तपासणी अशी: ड्रेन उघडा, पाण्याचा कॉक बंद करून वाफ येते का बघा, मग तो उघडून वाफेचा बंद करा, पाणी येतं का बघा. दोन्ही उघडून ड्रेन बंद केला की पाणी झटकन चढायला हवं. रेंगाळलं तर वाट तुंबतेय.

आणि चढ-उतार. पुणे-मिरज मार्गावरच्या शिंदवण्यासारख्या घाटात धुराडं पुढं ठेवून चढताना पाणी मागं सरकतं, काच जास्त दाखवते. माथा ओलांडला की तेच पाणी पुढं पळतं आणि छत उघडं पडू शकतं. म्हणून माथ्याच्या आधीच पाणी भरून घ्यायचं.

शेड_फिटर:
आणखी एक, प्लगवर क्षाराचा थर बसला की पाणी असूनही शिसं तापतं आणि विनाकारण जातं. दोष प्लगचा नसतो, वॉशआउट (बॉयलर आतून धुणं) नीट न झाल्याचा असतो. मॉडेलमध्ये एका प्लगवर मुद्दाम पांढरा थर दाखवलात तर साखर कारखान्यातले बॉयलरवाले तिथंच थांबतील.