जुन्या मुंबईचे फोटो एआयने रंगवावेत का?

काळबादेवी:
बोरीबंदर, काळा घोडा, क्रॉफर्ड मार्केट यांचे जुने फोटो हल्ली रंगवूनच फिरतात. माझं मत: भिंतीवर लावायला छान, इतिहासासाठी बाद.

रंगाचं सोडा, खरा घोळ त्याआधीच्या 'ओरखडे काढा' या बटणात आहे. बारीक, फिकट, सरळ रेघ दिसली की सॉफ्टवेअर तिला ओरखडा समजतं, आणि ट्रामची डोक्यावरची तार नेमकी तशीच दिसते. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती, विजेची धावली ७ मे १९०७ ला. चौकटीत ट्राम नसेल तेव्हा ती तारच साल सांगते. ती पुसली की १९१२ चा रस्ता बिनबोभाट १८९५ चा होतो.

पाट्यांचं तर विचारूच नका. अंधूक देवनागरी 'धारदार' केली की शिरोरेषेला काहीतरी लोंबकळतं, जे कुठल्याच भाषेत नाही. मूळ अंधूक पाटी निदान भिंगाखाली वाचायची आशा असते.

गच्चीवरून:
बाद कशी? फोटो रंगवणं एआयने आणलेलं नाही. आपल्याकडचे स्टुडिओ एकोणिसाव्या शतकापासून ब्रशने फोटो रंगवत होते. मुंबईची जुनी रंगीत पोस्टकार्डं बरीचशी जर्मनीत छापलेली. दगडाला कोणता रंग द्यायचा हे ठरवणाऱ्याने मुंबई पाहिलेलीही नसायची. शिवाय छापणारे नको त्या तारा आणि खांब खुशाल खोडत. ती कार्डं तुम्ही प्लास्टिकच्या पाकिटात जपता आणि एआय मात्र विटाळ!

राजाबाई टॉवर १८७८ चा, कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा, आजही उभा आहे. रंग ताडून बघायला जागेवर जाता येतं. जाणकाराने भरलेला रंग चुकीचा का म्हणायचा?

काचेची प्लेट:
दगडापुरतं ठीक (तोही आता शंभरावर वर्षांची काजळी खाल्लेला), पण माणसांच्या कपड्यांचं काय? फिल्मच्या आधी फोटो काचेच्या प्लेटांवर निघत, आणि सुरुवातीच्या प्लेटा फक्त निळा-जांभळा उजेड टिपत. लाल त्यांना दिसतच नसे. म्हणून लाल पगडी जवळजवळ काळी येते आणि निळं आकाश पांढरंफटक. १८८० च्या दशकात हिरवाही टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा मिळू लागल्या तरी लालला त्या आंधळ्याच राहिल्या. लालही टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, पण जुन्या प्लेटा पुढेही बरीच वर्षं वापरात होत्या. आता एआय मॉडेलला काय दिसतं? काळी पगडी. ते तिला तपकिरी करतं, आणि बघणारा म्हणतो, 'अच्छा, तेव्हा तपकिरी पगड्या घालत!' काळ्या घोड्याच्या पुतळ्याला ज्या काळेपणामुळे नाव मिळालं तोही असाच तपकिरी होऊन बसतो.

गच्चीवरून:
मग हे माझ्याच बाजूचं झालं की! कृष्णधवल फोटोही खोटंच बोलतो. ओल्या प्लेटेला (रसायन ओलं असतानाच वापरायची काच) काही सेकंद उजेड द्यावा लागे, तेवढ्यात चालणारी माणसं पुसली जात. रिकामा रस्ता पाहून लोक 'काय निवांत होती मुंबई' म्हणून उसासे टाकतात.

काचेची प्लेट:
बोलतो, पण त्याच्या खोटं बोलण्याला नियम आहे. प्लेट कोणती ते कळलं की काय काळं आलं असेल आणि कोण गायब झालं असेल ते ओळखता येतं. मॉडेल अंदाजाने भरतं आणि कुठे भरलं ते सांगत नाही. भेद तिथे आहे.

फाउंटनचा थांबा:
दोघांनाही एक सांगतो, साल नुसत्या एका खुणेवर ठरवू नका. दोन टोकं पकडा. बोरीबंदर स्टेशन पुरं झालेलं दिसतंय, म्हणजे १८८८ नंतरचा. समोरच्या कोपऱ्यावर महापालिकेची इमारत हवी तिथे मोकळं किंवा अर्धवट बांधकाम आहे, म्हणजे १८९३ आधीचा. पाच वर्षांत आलात. काळा घोडा जागेवर असेल तर १८७९ ते १९६५, हे फारच ऐसपैस. सोबत दुमजली ट्राम असेल तर १९२० नंतरचा. ३१ मार्च १९६४ ला ट्रामच बंद झाली.

'तार नाही' हा मात्र पुरावा धरू नका, पोस्टकार्डावर तर मुळीच नाही. तिथे तार खोडलेली असू शकते आणि एकच जुनी निगेटिव्ह वर्षानुवर्षं छापलेली असू शकते. टपालाचा शिक्का कार्ड कधी टाकलं ते सांगतो, फोटो कधी काढला ते नाही. आणि फोटो आरशातल्यासारखा उलटा तर छापलेला नाही ना, हे आधी पाटीवरून बघा.

काळबादेवी:
म्हणूनच मूळ स्कॅन हवा. साडेपाच बाय साडेतीन इंची पोस्टकार्ड ६०० डीपीआयला (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केलं की ३३०० बाय २१०० पिक्सेल मिळतात, टिफ फाइल २० एमबीच्या आसपास. कार्डावर छपाईचे ठिपके असतील तर १२०० ला घ्या, नाहीतर लहान करताना जाळीसारख्या लाटा उमटतात. मागची बाजूही स्कॅन करा. स्कॅनरमधला 'डस्ट रिमूव्हल' बंद ठेवा, तोही तारा खातो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो आणि फाइलमधली माहितीही जाते.

गच्चीवरून:
स्कॅनचं सगळं मान्य. पण ती २० एमबीची फाइल उघडतो कोण? रंगीत फोटो टाकला की घरातली म्हातारी माणसं गोळा होतात आणि 'इथे आमचा इराणी होता' असं सांगू लागतात. ती माहिती कुठल्याच प्लेटेत नाही. माझं म्हणणं एवढंच: रंगीत वर टाका, मूळ त्याच्याच खाली, आणि 'रंग अंदाजे' हे चित्रावरच लिहा.

काळबादेवी:
चित्राच्या कडेला लिहिलेलं पुढचा माणूस कापतो. लिहायचंच तर मधोमध, आकाशात. नाहीतरी ते पांढरंच असतं.