सिग्नलला पुढच्या गाडीला ठोकलं: क्लेम करू की खिशातून भरू?

दुपारपाळी
पुणे, कर्वे रस्ता. पुढच्या सेडानला मागून हलकी धडक, चूक माझीच. लागलं कोणालाच नाही. माझी २०२१ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (माझ्या गाडीचं नुकसानही भरून देणारी), झिरो डेप (भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याची जोड) नाही, यंदाचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, ३५ टक्के. एस्टिमेट असं: बंपर चिरलाय ४,२००, उजव्या हेडलाइटचे कान (तो अडकवायचे प्लास्टिकचे तुकडे) तुटलेत म्हणून नवा ५,८००, बॉनेट किंचित उचललंय त्याचं डेंटिंग १,५००, दोन पॅनेलचा रंग ६,०००. एकूण १७,५००. समोरचे गृहस्थ ८,००० मागताहेत. क्लेम करावा का? तोवर गाडी चालवली तर चालेल?

वजाबाकी
साडेसतरा हजार मिळतील हे आधी डोक्यातून काढा. झिरो डेप नसताना प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत तुमच्याच माथी: बंपरचे २,१००, हेडलाइटचे २,९००. रंगाच्या बिलातले २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे ७५०. १५०० सीसीपर्यंत सक्तीची वजावट १,०००. तुमच्याकडून ६,७५० जाणार, कंपनी १०,७५० देणार.

आता एनसीबी. क्लेम केला नाहीत तर पुढच्या वर्षी ४५, नंतर ५०. केलात तर शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं परत चढायचं. पाच वर्षांतला फरक ४५, ३०, २५, १५, ५, म्हणजे १२० टक्के. हे टक्के फक्त ओन डॅमेज (ओडी), म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर लागतात, थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर नाही. एनसीबी वजा होण्याआधीचा ओडी ७,००० धरला तर ८,४००, वर १८ टक्के जीएसटी: ९,९१२. गाडी जुनी होईल तसा ओडी उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. अगदी काठावरचं प्रकरण आहे. एजंट बहुधा पुढच्या एकाच वर्षाचा तोटा सांगतो, म्हणून क्लेम स्वस्त वाटतो.

दहाचा_पाना
चालवण्याबद्दल. बंपरच्या मागे आधी एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची टाकी बघा, पातळी 'मिन'च्या खाली असेल तर गाडी सुरूच करू नका. कूलंट गळत असताना चालवून हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) गेलं, तर ते नुकसान अपघाताचं म्हणून धरत नाहीत. कंडेन्सरची गळती फसवी असते: एसी चार दिवस गार देतो आणि मग बसतो. टॉर्च मारून जाळीवर तेलकट डाग दिसतो का पाहा.

बॉनेट दाबल्यावर खट् आवाज करून पक्कं बसतं का, तेही तपासा. पक्कं न बसता नुसत्या सुरक्षेच्या खटक्यावर अडकलेलं बॉनेट वेगात उघडून काचेवर येऊ शकतं. दोन्ही बाजूंच्या फटी कमी-जास्त असतील तर वरची आडवी पट्टी सरकली आहे. मग नुसत्या डेंटिंगने भागायचं नाही आणि हे एस्टिमेटही वाढणार. बंपर उतरवून बघितल्याशिवाय दिलेलं एस्टिमेट अर्धवटच समजा.

पण क्लेम करायचा असेल तर कंपनीला कळवून सर्व्हे (त्यांच्या माणसाची पाहणी) होईपर्यंत काहीही खोलायचं नाही. नंबर प्लेटसकट चारही कोपऱ्यांचे फोटो, चॅसिस नंबर आणि ओडोमीटर काढून ठेवा.

कलम_१३४
आठ हजारांचं. समोरचे गृहस्थ स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम करू शकतात, पण एनसीबी त्यांचा जाईल, त्यामुळे मागणी गैर नाही. तुमच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, मात्र तो दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. मागच्या बंपरसाठी तिथे कोण चकरा मारणार?

पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. म्हणजे परस्पर दिलेले आठ हजार कंपनीकडून मिळतील ही आशा सोडा. द्यायचेच तर बिल बघून द्या, रोख नको, यूपीआयने. एका कागदावर दोन्ही गाड्यांचे नंबर, तारीख, वेळ, जागा, रक्कम आणि 'गाडीच्या नुकसानीबाबत यापुढे काही मागणी नाही' एवढं लिहून दोघांच्या सह्या.

कोणाला लागलं असतं तर हा मार्गच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने आधी उपचारांची सोय करायची आणि जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं. मानेचं दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं, तेव्हा समोरच्यांना एकदा फोन करून विचारा.

दुपारपाळी
कूलंट बरोबर आहे, बॉनेट नीट लागतंय, फटी सारख्या. हेडलाइटची काच शाबूत आहे, फक्त मागचे दोन कान गेलेत.

दहाचा_पाना
मग नवा कशाला? प्लास्टिक वेल्डिंगने कान बसतात, ८०० पर्यंत होईल. त्यानंतर भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही झोत एका उंचीवर आणून घ्या, आणि पाणी मारून आत वाफ धरते का बघा. बंपर रंगवताना प्लास्टिकचा प्रायमर मारायला सांगा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

वजाबाकी
मग बिल १२,५०० वर आलं आणि कंपनीचा वाटा ८,६५०. खिशातून भरा. पण बंपर उतरवल्यावर आतून काही निघालं तर काम तिथेच थांबवा, बंपर परत लावून घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला फोन करा. म्हणून उतरवण्याआधीचे फोटो आत्ताच काढा.