नोटबुकच्या कर्नलला लायब्ररी सापडत नाही – फैजपूरहून मदत हवी

मंडळी, सप्रेम नमस्कार.

डिसेंबर संपेपर्यंत मी माहेरी, फैजपूरला आहे. भाचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याने प्रकल्प घेतलाय केळीवरच्या करप्याचा. पानांचे फोटो काढायचे आणि पान किती टक्के करपलंय ते पायथनने मोजायचं. मळ्यात फिरून फोटो काढून झाले, पण गाडी पहिल्याच ओळीला अडली. ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये कोड लिहून तिथेच चालवायची वही) सीव्ही२, म्हणजे चित्रं हाताळणारी ओपनसीव्ही लायब्ररी, इम्पोर्ट केलं की 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं. टर्मिनलमध्ये पिपला (पायथनच्या लायब्ररी टाकणारा प्रोग्राम) सांगावं तर तो म्हणतो 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. तीनदा काढून पुन्हा टाकलं. लॅपटॉप विंडोजचा आहे, त्यात डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू २४.०४. पोरगं रडकुंडीला आलंय आणि मलाही बघवत नाही. कुणाला कळत असेल तर कृपा करून सांगा.

– सध्या मुक्काम फैजपूर

—

ताई,

पुन्हा पुन्हा टाकणं आधी थांबवा. पिप खोटं बोलत नाही आणि नोटबुकही नाही. दोघं वेगवेगळ्या पायथनबद्दल बोलताहेत, एवढंच. वॅगन लागली सावद्याला आणि आपण उभे रावेरच्या फलाटावर.

भाच्याला म्हणावं, नोटबुकच्या एका सेलमध्ये सिस इम्पोर्ट कर आणि सिस डॉट एक्झिक्युटेबल छापून बघ. मग टर्मिनलमध्ये पिपला त्याची व्हर्जन विचार. तो व्हर्जनसोबत स्वतःचा पत्ताही सांगतो. हे दोन पत्ते एकाच पायथनचे निघाले नाहीत तर दुखणं सापडलं. कर्नल म्हणजे जादू नव्हे, नोटबुकमागे बसून कोड चालवणारं पायथन. 'ज्युपिटर कर्नलस्पेक लिस्ट' दिलं की प्रत्येक कर्नलचं फोल्डर दिसतं. त्यात कर्नल डॉट जेसन नावाची छोटी फाइल असते आणि तिच्यातल्या एआरजीव्हीच्या यादीत पहिलं नाव असतं ते कुठलं पायथन चालवायचं त्याचं. लायब्ररी त्याच पायथनपाशी हवी. दुसरीकडे शंभर वेळा टाकली तरी उपयोग नाही.

दुसरी एक शंका. उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप थेट काही टाकू देत नाही, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून अडवतो. पोरं मग 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' जोडून रेटतात. भाच्याने तसं केलं असेल तर रागावू नका, पण पुढे करू देऊ नका. ते पायथन उबुंटूच्या स्वतःच्या कामाचं आहे.

सरळ वाट अशी: प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रकल्पापुरतं स्वतंत्र पायथन, करा (त्यासाठी एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज टाकणाऱ्या साधनाने, पायथन३-व्हेन्व्ह टाकावं लागेल), ते सुरू करून त्यातच आयपायकर्नल (त्या पायथनचा कर्नल करणारं पॅकेज) आणि ओपनसीव्ही-पायथन टाका, मग 'पायथन -एम आयपायकर्नल इन्स्टॉल --युजर --नेम करपा'. नोटबुक पुन्हा उघडून वर उजव्या कोपऱ्यात 'करपा' कर्नल निवडा. इथून पुढे नोटबुकमधून काही टाकायचं तर उद्गारचिन्ह लावून पिप नको, टक्क्याचं चिन्ह लावून. त्याने सामान चालू कर्नलपाशीच उतरतं.

नाव सीव्ही२ असलं तरी पिपकडे ओपनसीव्ही-पायथनच मागायचं, हेही त्याला सांगा. स्कायकिट-लर्न लागलं तर तिथेही इम्पोर्टचं नाव वेगळं आहे, एसकेलर्न.

– दादा, मूळचा अमळनेरचा

—

दादा,

पत्ते खरोखरच वेगळे निघाले! सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. आता 'मॉड्यूल नॉट फाउंड' गेलं आणि हे आलं: 'इम्पोर्ट एरर: लिबजीएल डॉट एसओ डॉट १: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. भाचा म्हणतो, मावशी, परत तेच.

—

ताई, परत तेच नाही, एक पायरी पुढे गेलात. आधी पायथनला सीव्ही२ दिसतच नव्हतं. आता दिसलं, उघडायला घेतलं, पण त्याला आतून लागणारी सिस्टिमची लायब्ररी जागेवर नाही. नावात एसओ दिसलं की ते पिपचं काम नसतं, हे त्याच्या वहीत लिहून ठेवा.

लिबजीएल लागते ती पडद्यावर खिडकी उघडून चित्र दाखवायला. नोटबुकमध्ये आपण चित्र मॅटप्लॉटलिब या आलेख-चित्रांच्या लायब्ररीने दाखवतो, त्यामुळे तिची गरजच नाही. ओपनसीव्ही-पायथन काढून टाका आणि ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस (खिडकीविना चालणारी आवृत्ती) घ्या. आधी काढणं महत्त्वाचं, दोन्ही एकाच सीव्ही२च्या जागेवर बसतात. मग कर्नल रीस्टार्ट. खिडकी हवीच असेल तर एपीटीने लिबजीएल१ टाका.

पुन्हा अशीच एखादी फाइल हरवली तर सीव्ही२च्या फोल्डरमधल्या एसओ फाइलवर एलडीडी (फाइलला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी आज्ञा) चालवायचं. जिच्यापुढे 'नॉट फाउंड' ती गायब. एकेक चूक येण्याची वाट न बघता सगळी यादी एकदम हाती येते.

—

दादा, चाललं! रात्री साडेदहाला पहिला फोटो उघडला, घरातले सगळे लॅपटॉपभोवती. पान हिरवंच होतं, पण करप्याच्या तपकिरी ठिपक्यांभोवतीची पिवळी कड आकाशी दिसत होती. माझा जीव पुन्हा खाली गेला. भाचा मात्र शांत. म्हणाला, मावशी, ही चूक लायब्ररीची नाही. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल असे वाचतं, मॅटप्लॉटलिब लाल-हिरवा-निळा. एक ओळ घातली आणि कड पिवळी झाली. हे त्याने स्वतः शोधलं होतं, आम्ही चहा घेत होतो तेवढ्या वेळात.