घरच्या लसणाच्या पुडीचे गोळे होतात, मदत हवी आहे

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या गच्चीवर ऑक्टोबरअखेर कुंड्यांत लावलेला लसूण मार्चमध्ये पात पिवळी पडून माना टाकू लागल्यावर काढला आणि जुड्या बांधून तीन आठवडे सावलीत टांगला. त्यातील अर्धा किलो सोललेल्या पाकळ्यांच्या चकत्या केल्या, त्यांचे वाळल्यावर जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम भरले.

निम्म्या चकत्या मलमलखाली एप्रिलच्या उन्हात चार दिवस वाळवल्या. उरलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्या. परंतु आमच्या ओव्हनचे तापमान १०० अंशांखाली उतरतच नसल्याने त्या तांबूस होऊन कडू झाल्या आणि टाकून द्याव्या लागल्या. उन्हातल्या चकत्या मात्र पांढऱ्याशुभ्र राहिल्या आणि त्यांची मीठ, तिखट व वाळलेला कढीपत्ता घालून केलेली पूड भाकरीवर तेलासोबत फार छान लागली. (मिक्सरचे भांडे तीनदा घासूनही दुसऱ्या दिवशीच्या मिल्कशेकला लसणाचा वास आला, ही गोष्ट वेगळी.)

अडचण अशी की, आठवड्याभरात बरणीतील पुडीचा चमचाही न शिरणारा गठ्ठा झाला. काही जाड चकत्या मोडताना कट्‌कन तुटण्याऐवजी मध्ये चिवट लागल्या होत्या, त्यामुळे ओल आतच राहिली असावी, असा माझा कयास आहे. की दोष मिठाचा आहे?

चकत्या किती पातळ कराव्यात, पावसाळ्यापूर्वी पूड करावी की चकत्याच साठवून लागेल तशा दळाव्यात, आणि बरणीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवल्याने खरोखर फरक पडतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.